नडगीचं हाड बाहेर आलं होतं, मग पहिल्याच रात्री रॉड का नाही टाकला?

भाऊ, तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. शिंदखेडा तालुक्यात शेतात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. तुमच्या २७ वर्षांच्या धाकट्या भावाची डावी नडगी मधोमध मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि जखमेत माती भरली. धुळ्याच्या एका दवाखान्यात त्याच रात्री जखम धुऊन पायाला बाहेरून सळ्यांची चौकट लावली. दोन दिवसांनी पुन्हा भूल देऊन धुतली. आज सहावा दिवस. डॉक्टर म्हणतात, पोटरीतलं मांस फिरवून जखम झाकायची, वर मांडीची कातडी लावायची, आणि त्याच वेळी चौकट काढून आत रॉड टाकायचा. मामांचं म्हणणं, 'रॉडच टाकायचा होता तर पहिल्या रात्रीच टाकायचा, हे बिल वाढवायचं काम आहे.' गावातले म्हणतात हाडवैद्याकडे न्या. तुम्ही विचारताय: डिस्चार्ज घेऊन न्यावं का? रॉड स्टीलचा की टायटॅनियमचा? आणि पाय पहिल्यासारखा होईल का?

मी हाडांचा सर्जन आहे, धुळे-नंदुरबार पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय. तुमच्या भावाचा पाय किंवा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याला रोज बघणाऱ्या डॉक्टरांवर इथे बसून निकाल देणार नाही. पण तुम्ही लिहिलेला क्रम वाचून मला त्यात वावगं काही दिसत नाही. असाच पाय माझ्याकडे आला असता तर मीही जवळपास हेच केलं असतं. आणि डिस्चार्ज घेऊन जायला ही सगळ्यात चुकीची वेळ आहे. ते का, हे सांगण्यासाठीच एवढं लिहितोय.

तुम्ही सगळे हाडाबद्दल बोलताय. मामा, गावकरी आणि तुम्हीसुद्धा. या घडीला हाड हा तुमच्या भावाचा मुख्य प्रश्न नाही. प्रश्न हाडावरच्या मांसाचा आणि कातडीचा आहे. स्वतःच्या नडगीवर, आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. कातडी, आणि तिच्याखाली थेट हाड. मध्ये मांसाचा थर जवळजवळ नाहीच. मांडीचं हाड चारी बाजूंनी जाड स्नायूंत असतं, नडगीला ते सुख नाही. म्हणून मोडलेली नडगी कातडी फाडून सहज बाहेर येते, आणि एकदा ती कातडी गेली की हाडाला झाकायला तिथे दुसरं काही उरत नाही. हाडाला रक्त दोन बाजूंनी मिळतं: आतल्या पोकळीतल्या धमनीतून, आणि बाहेरून त्याला चिकटलेल्या पातळ आवरणातून आणि स्नायूंतून. ट्रॉलीखाली पाय चिरडला की बाहेरचा पुरवठा तिथल्या तिथे तुटतो. उघडं पडलेलं, रक्त नसलेलं हाड आणि त्यात शेतातली माती, ही खरी अवस्था आहे. रॉड, प्लेट, चौकट ही सगळी हाड स्थिर धरण्याची साधनं आहेत. सांधणारं रक्त आजूबाजूच्या जिवंत मांसातून यावं लागतं.

पहिल्या रात्री काय झालं असेल ते सांगतो, कारण 'जखम धुतली' हे दोन शब्द बिलावर फार किरकोळ दिसतात. उघड्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन जायला हवं, शक्यतो पहिल्या तासात, आणि सोबत धनुर्वाताचं. यात गेलेला वेळ पुढे कशानेही भरून निघत नाही. मग ऑपरेशन थिएटरमध्ये जखम उलट मोठी केली जाते, कारण वरून दिसणाऱ्या फटीपेक्षा आतला घोटाळा नेहमी मोठा असतो. मेलेलं मांस कापून काढायचं असतं. एखादा स्नायू मेला की जिवंत, हे आम्ही चार गोष्टींवरून ठरवतो: रंग कसा आहे, चिमटीत घट्ट लागतो की लिबलिबीत, चिमटा काढल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. मग साधं सलाईन लिटरच्या लिटर ओतून धुवायचं. अशा मातीने भरलेल्या जखमेला नऊ लिटर हा आमच्याकडचा ढोबळ हिशोब. साबणाचं पाणी किंवा जोराची पिचकारी अधिक चांगली, असं पूर्वी वाटायचं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, २,४०० हून जास्त रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत साबणापेक्षा साधं सलाईन सरस ठरलं आणि जोराने धुण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. आपल्या भागासाठी हे बरंच झालं, सलाईन सगळीकडे मिळतं.

दुसऱ्यांदा का धुतली? चिरडलेला स्नायू पहिल्या रात्री कधीकधी फसवतो. गुलाबी दिसतो, आणि दोन दिवसांत काळा पडतो. म्हणून ४८ तासांच्या आसपास पुन्हा आत बघणं हा उपचाराचाच भाग आहे. पहिलं काम अर्धवट राहिलं होतं असा त्याचा अर्थ काढू नका.

आता मामांचा प्रश्न. तो पूर्णपणे चुकीचा नाही, हे आधी मान्य करतो. उघडं फ्रॅक्चर असूनही पहिल्याच रात्री रॉड टाकतात, मीही टाकतो. जखम लहान असेल, रस्त्यावरची असेल, नीट स्वच्छ करता आली असेल, कातडी टाक्यांत येत असेल आणि पेशंट बाकी ठणठणीत असेल, तर एकाच ऑपरेशनमध्ये काम होतं. १९७६ साली गुस्टिलो आणि अँडरसन या अमेरिकन सर्जननी उघड्या फ्रॅक्चरची जी प्रतवारी केली, तीच आजही जगभर वापरतात. एक सेंटिमीटरपर्यंतची स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात, त्याहून मोठी पण फार चिरडलेली नसलेली दुसऱ्यात, आणि खूप चिरडलेली, खूप मळलेली तिसऱ्यात. शेतात झालेली, मातीने भरलेली जखम लहान दिसली तरी तिसऱ्यातच धरायची असा संकेत आहे. शेणखत टाकलेल्या जमिनीत धनुर्वाताचे आणि मांस सडवणाऱ्या गॅस गँग्रीनचे जंतू असतात, आणि ते बिनहवेच्या खोल खळग्यात वाढतात. तिसऱ्यातही ज्या जखमेवर पुरेशी कातडी-मांस उरलेलं नाही आणि दुसरीकडून आणून झाकावं लागतं, ती त्याहून वरची पायरी. तुमच्या वर्णनावरून तुमचा भाऊ या पायरीवर आहे. पहिल्या प्रकारात हाडात पस होण्याचं प्रमाण शंभरात एखाद-दुसरं असतं. या पायरीवर वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे दहापासून पन्नासपर्यंत आढळतात. एवढ्या मोठ्या फरकापुढे एक-दोन जादा ऑपरेशनची गणितं बदलतात.

अशा जखमेत पहिल्याच रात्री रॉड टाकला असता तर? रॉड गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत घालून घोट्याजवळपर्यंत नेतात. त्यासाठी पोकळी बऱ्याचदा आतून कोरावी लागते. बाहेरचा रक्तपुरवठा आधीच तुटलेला, त्यात आतलाही काही काळ आपण स्वतः तोडायचा. शिवाय जंतू मागे राहिले असतील तर ते जखमेपुरते थांबत नाहीत, रॉडच्या बाजूने पूर्ण नडगीभर पसरतात. धातूच्या पृष्ठभागावर ते एक चिकट थर करून बसतात आणि त्या थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही. मग रॉड काढा, पोकळी साफ करा, सडलेलं हाड कापा. वर्षं जातात. माझ्या ओपीडीत कायम गळणारी भोकं असलेले जे पाय येतात, त्यांच्या जुन्या कागदांत बहुतेक वेळा हीच गोष्ट सापडते: झाकायला मांस नव्हतं, टाके ओढूनताणून घातले, आत धातू होता.

बाहेरच्या चौकटीचं म्हणूनच महत्त्व. तिच्या सळ्या जखमेपासून लांब, वर आणि खाली चांगल्या हाडात घातलेल्या असतात. हाड स्थिर राहतं, पायाची लांबी टिकते, जखम रोज उघडून बघता येते आणि मोडलेल्या जागी धातू नसतो.

पण चौकटीला मुदत असते, आणि ही गोष्ट तुमच्या घरी सगळ्यांना सांगा. सळ्यांच्या भोकांतून थोडा स्राव हळूहळू सुरू होतोच. भोकं स्वच्छ आहेत तोवर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांच्या आत, चौकट काढून रॉड टाकला तर तो बऱ्यापैकी सुरक्षित असतो. त्यानंतर प्रत्येक आठवड्याला भोकांतले जंतू रॉडवर जाण्याची भीती वाढत जाते. जखम झाकण्याचंही तसंच. पहिल्या तीन दिवसांत झाकली गेली तर उत्तम, आठवड्याच्या आत झाली तरी ठीक, पुढे जसजसे दिवस जातात तसतसा पसाचा धोका चढत जातो. यात एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: उशिरा होणारं इन्फेक्शन बहुतेकदा शेतातल्या जंतूंचं नसतं, दवाखान्यातल्या जंतूंचं असतं. उघडी जखम जितके दिवस वॉर्डात राहील तितके ते जास्त शिरतात. म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत आज-उद्याचा दिवस कामाचा आहे. नातेवाइकांची बैठक, मग तालुक्याच्या ओळखीच्या डॉक्टरला फोटो पाठवणं, मग आणखी एक सल्ला, यात चार दिवस गेले तर ते दुसऱ्या कोणाचे नाही, त्या पायाचे जातात. दुसरा सल्ला जरूर घ्या, तुमचा हक्क आहे. फक्त तो आजच घ्या, आणि पेशंट न हलवता एक्स-रे आणि जखमेचे फोटो दाखवून घ्या.

मांस फिरवणं, ज्याला आम्ही फ्लॅप म्हणतो, म्हणजे काय, याची तुम्हाला धास्ती वाटलेली दिसते. नडगीचे ढोबळ तीन भाग करा. वरच्या भागातली जखम पोटरीच्या वरच्या जाड स्नायूने झाकता येते. मधल्या भागाला पोटरीतलाच खोलवरचा दुसरा, सपाट स्नायू पुरतो. घोट्याकडच्या तिसऱ्या भागात फिरवायला मांसच नसतं, तिथे मग मांडीवरून किंवा पाठीवरून मांस रक्तवाहिन्यांसकट उचलून सूक्ष्मदर्शकाखाली जोडावं लागतं, किंवा जवळच्याच कातडीचा पट्टा फिरवावा लागतो. भावाची जखम मधोमध आहे, म्हणजे त्यातल्या त्यात सोयीच्या जागी. स्नायूचं एक टोक सोडवतात, त्याची स्वतःची रक्तवाहिनी तशीच ठेवून त्याला उघड्या हाडावर वळवतात आणि वरून मांडीच्या कातडीचा पातळ पापुद्रा लावतात. चालण्याची ताकद यामुळे जाणवण्याइतकी कमी होत नाही, पोटरीत दुसरे स्नायू असतात. पाय दिसायला ओबडधोबड होतो, हे खरं आहे. पँट घातल्यावर कळत नाही. काही ठिकाणी या जखमांवर स्पंज लावून हवा ओढून घेणारं व्हॅक मशीन लावतात. दोन-चार दिवसांची सोय म्हणून ते ठीक आहे, पण उघड्या हाडावर ते मांस उगवून देईल या आशेवर आठवडे काढू नका. त्याचं रोजचं भाडं आणि स्पंजचा खर्च मिळून फ्लॅपच्या खर्चाला सहज गाठतो.

हाडवैद्यांबद्दल मी तुच्छतेने बोलत नाही, आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांच्याकडे जात आलेत. न सरकलेलं, कातडी न फाटलेलं हाड कामट्या लावून बांधून ठेवलं तरी जुळतं, कारण हाड जुळवण्याचं काम शरीरच करतं. त्यांचं नाव अशाच केसेसवर झालेलं असतं. उघड्या फ्रॅक्चरवर मात्र झाडपाल्याचा लेप आणि आवळून पट्टी म्हणजे पाय गमावण्याची तयारी. बंद फ्रॅक्चरमध्येसुद्धा आवळलेली पट्टी घातक ठरते. मार लागल्यावर पोटरी आतून सुजते, तिच्या स्नायूंची कप्पे करणारी आवरणं ताणत नाहीत, कप्प्यातला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. सहा ते आठ तासांत स्नायू कायमचे मरू शकतात. अशा माणसाचं ठणकणं मारापेक्षा जास्त असतं, गोळीला ऐकत नाही, आणि पायाची बोटं दुसऱ्याने नुसती वर केली तरी तो किंचाळतो. हे दिसलं तर पट्टी असो की प्लास्टर, आधी कापून मोकळं करायचं आणि मग दवाखाना गाठायचा. लहान पोरं झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडतं तेव्हा तर हे विशेष लक्षात ठेवा. आवळून बांधल्याने कायमचे आकसलेले हात मी अजूनही बघतो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मनात नक्की असेल ते. 'आते काय व्हई, डॉक्टर?' असं विचारताना नातेवाइकांना बहुतेकदा विचारायचं असतं की पाय कापावा लागेल का. तुम्ही लिहिलंय की बोटं गरम आहेत, तळव्याला स्पर्श कळतो, अंगठा हलतो. ही फार मोठी जमेची बाजू आहे. पाय ठेवायचा की नाही हे ठरवायला कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये तयार झालेली एक गुणपद्धत आम्ही वापरतो. कातडी, हाड आणि स्नायू-नसा या तिन्हींच्या नुकसानीला वेगवेगळे गुण देतात, आणि वय, मधुमेह, उशीर अशा गोष्टींचे जास्तीचे. बेरीज १४ किंवा कमी आली तर पाय वाचवायच्या मागे लागायचं, १७ किंवा जास्त आली तर कापण्याचा विचार गंभीरपणे करायचा, मधल्या दोन आकड्यांत अनुभव आणि पेशंटची परिस्थिती. तुमच्या भावाचा आकडा किती ते मला सांगता येणार नाही, त्याच्या डॉक्टरांना विचारा. २७ वर्षांचा, मधुमेह नसलेला, मुख्य धमनी शाबूत आणि तळव्याला जाण असलेला माणूस सहसा वाचवायच्या बाजूलाच पडतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागातला पेशंट असेल तर ऑपरेशनआधी सिकलसेलची तपासणी झाली का हे विचारा. आपल्याकडच्या आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो, आणि भुलीच्या वेळी अंग थंड पडलं, पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला, तर त्रास वाढतो. आधी माहीत असलं की काळजी घेता येते, ऑपरेशन टाळायची गरज नसते.

स्टील की टायटॅनियम? इतका वेळ घालवण्यासारखा हा प्रश्न नाही. नडगीच्या रॉडसाठी दोन्ही चालतात आणि दोन्हींनी हाडं जुळतात. टायटॅनियम थोडं लवचीक, पुढे एमआरआय करायची वेळ आली तर चित्र थोडं स्वच्छ येतं, एवढाच फरक. आजकालच्या चांगल्या स्टीललाही एमआरआय सहसा चालतो. त्या फरकाच्या पैशात फ्लॅपचा खर्च, नंतरचा फिजिओथेरपिस्ट आणि दोन महिन्यांची अंडी-दूध निघत असेल तर मी स्टील घेईन.

पैशांचं म्हणाल तर मामांचा संशय एका अर्थी समजण्यासारखा आहे, कारण कोणी त्यांच्याशी नीट बोललेलं दिसत नाही. दवाखाना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं, आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो. त्याला नेमकं हे विचारा: धुणं, चौकट, फ्लॅप आणि रॉड यांतल्या कशाकशाची मंजुरी आली आहे आणि कशाची आणायची आहे. एका टप्प्याची मंजुरी म्हणजे सगळ्यांची असं गृहीत धरू नका. योजनेतलं नसेल आणि खर्च झेपत नसेल तर धुळे, जळगाव आणि आता नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. हलवायचंच असेल तर आधी फोन करून प्लास्टिक सर्जन त्या आठवड्यात आहेत का याची खात्री करा. नाहीतर जाण्या-येण्यातच ती दोन आठवड्यांची मुदत संपेल.

इथवरचं एका दमात: जखम धुणं, चौकट, झाकणं, रॉड हा क्रम बरोबर आहे, झाकणं आणि रॉड लवकर व्हावेत, पैशांचं बोलणं त्यासोबतच करा, त्यासाठी ऑपरेशन अडवू नका.

पाय पहिल्यासारखा होईल का? चालेल, शेतात जाईल, ट्रॅक्टरही चालवेल, अशी मला आशा आहे. पण वेळ लागेल. साधी, न उघडलेली नडगी रॉडवर चार-पाच महिन्यांत जुळते. अशा जखमेला सहा ते नऊ महिने धरा, वर्षही लागू शकतं, आणि मधे कमरेच्या हाडातून भुगा काढून मोडलेल्या जागी भरण्याचं आणखी एक ऑपरेशन लागलं तर त्याला अपयश समजू नका. रॉडचा फायदा हा की हाडाचे तुकडे एकमेकांना टेकलेले असतील तर काही आठवड्यांतच वॉकर घेऊन थोडा थोडा भार टाकता येतो, आणि भार टाकल्याने हाड जुळायला मदतच होते. मधला तुकडा गायब असेल तर भार उशिरा. एवढं करूनही पस झाला किंवा हाड जुळलंच नाही, तरी वाट संपत नाही. रशियातल्या कुर्गान शहरात इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली गोल कड्यांची पद्धत आहे. सडलेला तुकडा काढून टाकून दिवसाला १ मिलिमीटर या गतीने नवं हाड वाढवता येतं. वेळखाऊ आहे, कंटाळवाणी आहे, पण त्यावर शेतात परतलेले लोक आहेत.

या काळात तुमच्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे तंबाखू. बिडी, गुटखा, मिसरी, सगळं त्यात आलं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फिरवलेल्या मांसाच्या जगण्यावर आणि हाडाच्या जुळण्यावर दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. भेटायला येणारा मित्र उशाखाली पुडी ठेवून जातो, त्याच्यावर लक्ष ठेवा. दुसरं जेवण. भात खाल्ला की जखमेत पस होतो, उडदाने वायू होतो, अंड्याने उष्णता होते, असं सांगून माणसाला चहा-बिस्किटांवर ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात. कळण्याची भाकरी, दाळ, दूध, अंडी, खात असेल तर मटण, सगळं द्या. मधुमेह असलेल्या पेशंटचा हिशोब वेगळा, तुमच्या भावाला तो लागू नाही.

गुडघ्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर राग येतो. रॉड गुडघ्याच्या वाटीखालून जातो, त्यामुळे हाड जुळल्यावरही बऱ्याच जणांना पुढून गुडघा दुखतो, विशेषतः गुडघे टेकताना आणि उकिडवं बसताना. निंदणीचं, कापूस वेचणीचं काम करणाऱ्यांना हे जाणवतं. घोट्याचा व्यायाम मात्र फ्लॅप मुरल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सोडू नका. पाऊल खाली लोंबून टाच वर राहून गेली की पुढे चालताना तीच सगळ्यात जास्त नडते. घरी गेल्यावर ताप, जखमेतून वास किंवा पाणी, फिरवलेल्या मांसाचा रंग काळपट पडणं, पोटरी अचानक सुजणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: शेतात असं घडलं तर जखमेवर हळद, चुना, डिझेल, ग्रीस, यातलं काही लावू नका. वरवरचा कचरा झटकून स्वच्छ ओल्या फडक्याने झाका, बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका, पाय हलक्या हाताने सरळ धरून दोन्ही बाजूंना कामट्या बांधा आणि १०८ ला फोन करा. रक्त उसळून येत असेल तर फडक्यावरून दाबून धरा. जखमेचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे दवाखान्यात प्रत्येक जण पट्टी पुन्हा पुन्हा उघडून बघणार नाही.

रॉड काढावा लागतो का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. मोठ्या माणसात काढलाच पाहिजे असं नाही. गुडघा फार दुखत असेल, स्क्रू कातडीखाली टोचत असतील किंवा इन्फेक्शन असेल तर हाड पक्कं झाल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी काढतात. त्यासाठी डिस्चार्जच्या दिवशी एक काम आठवणीने करा: रॉड आणि स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. त्यावर कंपनी, लांबी आणि जाडी छापलेली असते. प्रत्येक कंपनीच्या रॉडला काढायचं हत्यार वेगळं लागतं, आणि स्टिकर नसला तर दोन वर्षांनी ऑपरेशनच्या टेबलावर सर्जन अंदाजाने हत्यारं बदलत बसतो.